हॅलोताईंची हाक

हॅलोताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे त्यांच्या सासूबाई. आणि त्याही रागावल्या असल्या तरच. बाकी सगळ्या इस्पितळाला, धोब्यापासून ट्रस्टींपर्यंत, त्या हॅलोताई. टेलिफोनच्या बोर्डवर बसायला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्यानेही घरी एकदोनदा वापरून पाहिलं, पण आपण साहेबाला हाक मारतोय असं त्याला वाटायला लागलं, म्हणून त्याने सोडून दिलं.

बोर्डाची खोली मुख्य जिन्याच्या खाली होती. जिना वर चढत गेलेला, त्यामुळे खोलीचं छत तिरकं. आत बोर्ड, एक खुर्ची, वाकणाऱ्या मानेचा माईक, भिंतीवर वॉर्डांच्या नंबरांचा तक्ता आणि कोपऱ्यात एक स्टूल. उंच माणूस आत शिरला की आधी कपाळ आपटायचा आणि मग कामाचं बोलायचा. त्या खोलीत ताठ उभं राहून बोलू शकणारे पुरुष दोनच, एक लिफ्टवाला आणि दुसरे मोठे डॉक्टर.

मोठे डॉक्टर उंचीने बेताचेच होते. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे आणखी एक डॉक्टर होते, वयाने लहान आणि उंचीला ताडमाड. त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचे, म्हणून हे मोठे. छोटे डॉक्टर पुढे दुसरीकडे निघून गेले, मोठे डॉक्टर राहिले आणि यथावकाश इस्पितळाचे प्रमुख झाले. नवीन आलेल्यांना वाटायचं, पदामुळे मोठे म्हणतात. जुनी माणसं ती समजूत दुरुस्त करायच्या फंदात पडत नसत.

ताईंना बोर्डवर आणलं तेही त्यांनीच. ताई तेव्हा जेमतेम विशीच्या, वडिलांना दाखवायला आल्या होत्या. केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून त्यांना उद्या या म्हणत होता आणि ताई त्याला आज का नाही ते समजावत होत्या. भांडणच होतं ते, पण ताईंचा आवाज जराही चढत नव्हता. उलट कारकून जसजसा तापत गेला तसतशा त्या आणखी सावकाश बोलू लागल्या. शेवटी कारकुनानेच हात टेकले. मागे रांगेत उभं राहून हे सगळं ऐकणारा एक ठेंगणा माणूस पुढे आला आणि म्हणाला, "भांडताना ज्याचा आवाज चढत नाही असं माणूस मी किती दिवस शोधतोय. नोकरी करता का?"

"आधी वडिलांना बघा," ताई म्हणाल्या.

त्यांनी आधी वडिलांना बघितलं. नोकरीचं नंतर.

आवाज न चढणारं माणूस त्यांना का हवं होतं, त्याला कारण होतं. त्या काळी कुठल्याही वॉर्डात एखाद्याचं बिनसलं, श्वास अडकला, नाडी लागेना, की बोर्डवरून लाऊडस्पीकरवर आरडाओरडा व्हायचा. "धावा, धावा, चार नंबरमधला पेशंट चालला!" आधीचा ऑपरेटर तर खणखणीत आवाजाचा, त्यात हौशी. एकदा त्याने अशी आरोळी ठोकली, आणि चार नंबरमधला पेशंट राहिला बाजूलाच, दोन नंबरमधले एक आजोबा सलाईनची बाटली काखेत मारून थेट रस्त्यावर गेले. रिक्षात बसताना त्यांना पकडलं. "इथे माणसं चालली आहेत असं तुम्हीच सांगताय, मग मी का थांबू?" असं त्यांचं म्हणणं. त्यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी नियम केला. लाऊडस्पीकरवर भीतीचा एकही शब्द जाता कामा नये. कुठेही कुणाचा जीव धोक्यात असेल तर बोर्डवरून एवढंच म्हणायचं, "मोठे डॉक्टर, कृपया चार नंबरच्या वॉर्डात या." बस. दोनदा, सावकाश, चहाला बोलवावं तसं.

सुरुवातीला त्या हाकेने फक्त तेच यायचे. कॅनव्हासचे बूट, नाडी सुटलेली, आणि पळण्याचा वेग असा की वाटेत कोण आहे ते बघायला वेळ नाही. पण बघायचे मात्र. वऱ्हांड्यात जो दिसेल त्याला "चला" म्हणायचे. डॉक्टर असो, सिस्टर असो, जेवणाची गाडी ढकलणारा असो. एकाने ऑक्सिजनचा सिलिंडर आणायचा, दुसऱ्याने शेजारची खाट सरकवायची, तिसऱ्याने नातेवाइकांना धरून बाहेर बसवायचं. काम सगळ्यांना पुरून उरायचं. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की हाक आली की हा माणूस आपल्याला ओढून नेणारच आहे, तर आपणच निघालेलं बरं. काही वर्षांत असं झालं की हाक मोठ्या डॉक्टरांच्या नावाची आणि धावायचं अख्ख्या इस्पितळाने. ज्याचे हात मोकळे त्याने जायचं, एवढाच कायदा. ते कुठे गावाला गेलेले असले तरी हाक तीच. बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बाहेरच्यांना यातलं काही ठाऊक नसायचं. एका पेशंटच्या मेहुण्याने तर ट्रस्टींकडे तक्रार केली होती की तुमचे मोठे डॉक्टर फारच कामचुकार दिसतात, दिवसभर त्यांना बोलवावं लागतं. मोठ्या डॉक्टरांनी तो किस्सा पुढे वर्षभर तरी सांगितला असेल. बहुतेक वेळा ताईंच्याच खोलीत, त्या स्टुलावर बसून. दुपारी चहाचा कप घेऊन ते तिथे येऊन बसत. "या एका खोलीत मला फोन येत नाही," ते म्हणत, "कारण सगळे फोन तुमच्याकडे असतात."

त्यांच्याबद्दल इतर बरंच काही सांगतात. ऐकावं तितकं थोडं. कुणाची फी माफ केली, कुणाला शिकवलं, कुणाचं लग्न जमवलं. त्यातलं निम्मं खरं असेल, उरलेलं नंतर प्रेमाने चढवलेलं. ताईंना त्यातलं फारसं माहीत नव्हतं. त्यांना माहीत होती ती डोक्यावरची पावलं. हाक दिली की क्षणभर सगळं शांत, आणि मग जिन्यावर धडधड. खोली जिन्याखालीच, त्यामुळे धावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या टाळूवरून जायचा. त्यात पहिली पावलं त्यांची असायची. हलकी, भराभर, आणि सुटलेल्या नाडीचा टपटप आवाज. ती ऐकली की ताई माईक बंद करायच्या.

मोठ्या डॉक्टरांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना पाच नंबरच्या साध्या वॉर्डात ठेवलं. आता लोक सांगतात, बघा किती साधा माणूस. तसं काही नव्हतं. खास खोल्यांना रंग लावायचं काम चाललं होतं आणि रंगाच्या वासाने त्यांना शिंका यायच्या. पाच नंबरमध्ये ते आठवडाभर होते. वॉर्डातल्या सिस्टरना, मावश्यांना आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला त्यांनी या दिवसांत भंडावून सोडलं. घरी जायची तारीखही ठरली होती.

त्या दुपारी पाच नंबरवरून फोन आला. सिस्टर म्हणाली, "ताई, हाक द्या."

"कुणासाठी गं?" ताईंनी विचारलं. असं त्या कधीच विचारत नसत. हाक द्या म्हटलं की द्यायची.

पलीकडे सिस्टर गप्प. मग म्हणाली, "द्या ना हो ताई."

ताईंनी माईक ओढला. "मोठे डॉक्टर, कृपया पाच नंबरच्या वॉर्डात या." दोनदा, सावकाश. आवाज चढला नाही, कापला नाही. त्या दिवशी जिन्यावर जेवढी पावलं वाजली तेवढी आधी कधी वाजली नव्हती. ताई मात्र छताकडे बघत बसल्या आणि पहिली पावलं ऐकू आली नाहीत म्हणून त्यांनी बराच वेळ माईक बंदच केला नाही.

काही उपयोग झाला नाही. सगळे आले, करायचं ते सगळं केलं, पण मोठे डॉक्टर गेले.

संध्याकाळी पाच नंबरची मावशी ताईंच्या खिडकीशी आली. डोळे सुजलेले, पदर नाकाला. "काय माणूस होता बघा," ती म्हणाली. "तुमची हाक ऐकली ना, तेव्हा शुद्ध होती त्यांना. हाक ऐकली आणि पाय खाली टाकला खाटेवरून. उठायलाच निघाले होते. आणि मग लगेच..." पुढचं तिने हाताने सांगितलं.

मावशीने ते कौतुकाने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती तेच सगळ्यांना सांगत फिरली आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ताईंच्या मनाने मात्र त्याचा वेगळाच अर्थ लावला. ज्या माणसाला अजून एकट्याने खाटेवरून उतरायला मनाई होती, त्याला आपण उठवलं. हाक नसती दिली तर तो पाय खाली आला नसता. असं कुणी म्हणालं नव्हतं आणि कुणी म्हटलंही नसतं. पण एकदा मनात आलं की ते काही केल्या निघेना. कुणाला सांगावं तर लोक समजूत घालणार, आणि समजूत घातलेली ताईंना लगेच कळायची. आयुष्यभर त्यांनी फोनवर हेच तर काम केलं होतं.

चारसहा दिवसांनी एक नंबरच्या वॉर्डातून हाक मागितली. ताईंनी माईक ओढला, तोंड उघडलं आणि दातखीळ बसल्यासारखं झालं. "मोठे" एवढाच शब्द, तोही घशातच. फोनवर सिस्टर ओरडायला लागली तेव्हा कुठे वाक्य बाहेर पडलं, पण ते घोगरं, कुणा दुसऱ्याच बाईचं असावं असं. लोक धावले, पेशंट निभावला. नंतर पुन्हा तसंच झालं. त्या वेळी आणखी उशीर झाला. पेशंट त्याही वेळी वाचला, पण ताई घरी गेल्या त्या न जेवता झोपल्या.

नवरा बस डेपोतून नुकताच निवृत्त झाला होता आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे बिघडलेल्या इंजिनासारखा बघायचा. "घसा बघून घे एकदा," तो म्हणाला. "गरम पाणी, हळद."

"घशाला काही झालं नाही."

"मग?"

"मग काही नाही. झोपा तुम्ही."

पण ताईंना हिशेब कळत होता. या कामात बोलायला उशीर म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आज नाही तर उद्या, आपल्या गप्प बसण्याने कुणाचा तरी बळी जाणार. ते होण्याआधी बोर्डवरून उठलेलं बरं.

मोठ्या डॉक्टरांच्या जागी आता त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना सगळे नव्या मॅडम म्हणत. उंच होत्या, आणि ताईंच्या खोलीत दोनदा कपाळ आपटून घेऊनही तिसऱ्यांदा आल्या, म्हणजे मनाने बऱ्या. ताईंनी त्यांना सांगितलं, मला केसपेपरच्या खिडकीवर पाठवा. कारण विचारलं तर म्हणाल्या, वय झालं.

"वय माझंही झालंय," नव्या मॅडम म्हणाल्या. "ताई, हाक देताना तुम्हाला त्रास होतोय, कळतंय मला. सगळ्यांनाच होतो. मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या मुलाने मला विचारलं, तुमचे मोठे डॉक्टर तर गेले असं पेपरात वाचलं, मग त्यांना बोलावताय कसे? काय सांगू त्याला? हाक बदलायचीच आहे. शोकसभेच्या दिवसापासून नवी. 'तातडी पथक, कृपया अमुक वॉर्डात या.' सभेत मी दोन शब्द बोलेन, मग तुम्ही इथून पहिली नवी हाक द्यायची, सभागृहाच्या नावाने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मग जुनी बंद."

म्हणजे ते वाक्य पुन्हा उच्चारायला नको. ताईंच्या मनावरचा धोंडा उतरला. आणि उतरला याची लगेच लाजही वाटली. हो म्हणून त्या खाली आल्या.

घरी त्यांनी सराव सुरू केला. नव्या हाकेला जीभ वळेना. "तातडी पथक, कृपया तीन नंबरच्या वॉर्डात या," ओट्याशी उभ्या राहून त्या म्हणायच्या आणि न्हाणीघरातून नवऱ्याचा आवाज यायचा, "आलो, आलो, पथक टॉवेल शोधतंय!" सासूबाईंना ऐकू कमी यायचं. त्यांना वाटायचं सूनबाई कुणाला तरी बोलवतेय. "कोण पाहुणे यायचेत?" त्या विचारायच्या आणि साडी नीट करून बसायच्या. तीनचार दिवसांत ताईंच्या तोंडात ते वाक्य बसलं. गुळगुळीत, बिनचुकीचं.

शोकसभेला वरचं सभागृह खच्चून भरलं. प्रत्येक वॉर्डात एकेक सिस्टर ठेवून बाकी सगळे तिथे. समोर मोठ्या डॉक्टरांचा फोटो, त्यात त्यांनी टाय घातलेला. तो टाय जन्मात कुणी पाहिला नव्हता. फोटोशेजारी पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. बाई इस्पितळात फारशा कधी आल्या नव्हत्या, नवरा आजारी पडला तेव्हाच काय त्या आल्या. प्रमुख पाहुणे बाहेरून बोलावलेले, कुठल्याशा आरोग्य संस्थेचे अध्यक्ष. ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही त्याच्याबद्दल जितकं बोलता येईल त्याहून ते जास्त बोलले.

ताई खाली बोर्डवर होत्या. कुणीतरी बसायलाच हवं होतं. भाषणं त्यांना छतातून नुसती गुणगुण म्हणून ऐकू येत होती. नव्या मॅडमचं बोलणं झालं की सभागृहातला कारकून तिथल्या फोनवरून एक घंटी देणार, मग ताई हाक देणार, असं ठरलं होतं. ताई घंटीची वाट बघत होत्या.

घंटी वाजली, पण ती सभागृहाची नव्हती. तीन नंबर. "ताई, हाक द्या! ऑपरेशनवाली बाई, काल पित्ताशय काढलं ती, श्वास घेत नाहीये. मी एकटी आहे!"

ताईंनी माईक ओढला आणि सराव केलेलं वाक्य स्वच्छ म्हटलं, "तातडी पथक, कृपया तीन नंबरच्या वॉर्डात या."

वर नव्या मॅडम नुकत्याच सांगत होत्या की आजपासून आपण एक नवी हाक सुरू करत आहोत. आणि त्याच क्षणी लाऊडस्पीकरवर ती आली. काय नेमकी वेळ साधली, असं सगळ्यांना वाटलं. "तातडी पथक" हे दोन शब्द ऐकले मात्र, सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचा वॉर्डाचा नंबर कुणाच्या कानातही शिरला नाही. इस्पितळातली माणसं होती ती. कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं वेळेवर झालेलं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, म्हणून जरा जास्तच टाळ्या वाजवल्या.

ताईंना छतातून टाळ्या ऐकू आल्या. आधी त्यांना उमगेना. मग लख्ख उमगलं. त्यांनी हाक दुसऱ्यांदा दिली. टाळ्या आणखी वाढल्या. जिना गप्प. एकसुद्धा पाऊल नाही.

त्यांनी सभागृहाचा फोन लावला. कारकुनाने उचलला आणि त्यांना तोंड उघडायची संधी न देता कुजबुजत म्हणाला, "झालं, झालं ताई, फक्कड झालं! घंटीआधीच दिलीत, पण चालतंय." आणि पुन्हा घंटी वाजून सभेत व्यत्यय नको म्हणून त्याने फोन बाजूला काढूनच ठेवला.

तीन नंबरचा दिवा पुन्हा लागला. सिस्टर रडत होती. "कुणी येत नाहीये ताई. कुणी म्हणजे कुणीच येत नाहीये!"

उठून जिना चढून वर जाऊन सांगायचं तर गुडघे, आणि बोर्ड सोडून जायचं म्हणजे सिस्टरला एकटीला टाकायचं. हाताशी एकच वाक्य उरलं होतं. ताईंनी माईक जवळ घेतला. डोळ्यांसमोर तो पाय. मावशीने पुन्हा पुन्हा सांगितलेला, खाटेवरून खाली आलेला, उघडा पाय. आता पुन्हा हाक द्यायची? कुणाला?

"द्या ना हो ताई," फोनमध्ये सिस्टर म्हणाली. तेच शब्द, अगदी तसेच.

"मोठे डॉक्टर," ताई म्हणाल्या, "कृपया तीन नंबरच्या वॉर्डात या."

टाळ्या मध्येच तुटल्या. क्षणभर सगळं शांत, आणि मग ताईंच्या डोक्यावर जिना कोसळल्यासारखा वाजायला लागला. खुर्च्या पडल्याचे आवाज, कुणाची चप्पल, कुणाचे बूट, कुणी दोनदोन पायऱ्या उड्या मारत. लिफ्टवाला लिफ्ट सोडून पायी पळाला. स्वयंपाकी पळाला. कारकूनही पळाला, फोन तसाच लोंबकळत ठेवून. नव्या मॅडम भाषणाचा कागद हातात घेऊनच धावल्या आणि तो कागद नंतर पेशंटच्या उशीखाली सापडला. ताईंनी दुसऱ्यांदा हाक दिली, कारण हाक दोनदा द्यायची असा नियम होता. दुसऱ्या हाकेचा आवाज तर पहिलीपेक्षाही बरा लागला.

तीन नंबरची बाई वाचली. संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली आणि बोलली ते हेच की माझ्या केसांची पिन गर्दीत कुणीतरी हरवली. ती पिन शोधायला दोन मावश्या लागल्या.

वर सभागृहात प्रमुख पाहुणे रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे होते. गेलेल्या माणसाला त्याच्याच शोकसभेत बोलावतात, ही काय पद्धत, असं त्यांना आधी वाटलं. मग सगळे पळाले, तेव्हा काही वाटायचंच थांबलं. "कार्यक्रम संपला का?" त्यांनी पहिल्या रांगेत एकट्याच उरलेल्या बाईंना विचारलं.

"आमच्याकडे नेहमी असाच संपायचा," बाई म्हणाल्या. "जेवण असो, सिनेमा असो."

नव्या मॅडम तीन नंबरमधून परत येताना आधी ताईंच्या खोलीत आल्या. कपाळ आपटलंच. "चूक माझी होती," कपाळ चोळत त्या म्हणाल्या. "कार्यक्रम मीच तसा ठरवला. ताई, सध्या आहे तीच हाक राहू दे. त्या मुलाने पुन्हा विचारलं तर मी बघून घेईन." ताईंनी मान हलवली.

मॅडम गेल्या आणि दारात बाई उभ्या राहिल्या. छत बघून त्यांनी आपण होऊन मान खाली घातली, खरं तर त्यांना गरज नव्हती. त्याही ठेंगण्याच. स्टूल दिसलं तशी त्यावर बसल्या.

"हेच का ते स्टूल?" त्यांनी विचारलं. "घरी फार ऐकलंय याच्याबद्दल."

"हेच."

बाईंनी स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मघाशी तुम्ही हाक दिलीत ना, तेव्हा मीसुद्धा उठून उभी राहिले. मला कुठे जायचं काही ठाऊक नव्हतं. उठले मात्र."

ताईंना आता राहवेना. इतक्या दिवसांत कुणालाही न सांगितलेलं त्यांनी बाईंना सांगून टाकलं. मावशी काय म्हणाली, पाय कसा खाली आला. "माझी हाक ऐकून ते उठायला गेले हो बाई. मी हाक दिली नसती तर..."

"कोण म्हणतं उठायला गेले?" बाईंनी मध्येच तोडलं. वर्गात चुकीचं उत्तर आलं की म्हणत असतील तसं. "मी शेजारी बसले होते. मावशी होती दाराशी. तिला काय दिसणार?"

ताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"उठायचं बळच नव्हतं त्यांच्यात. सिस्टरने तुम्हाला फोन केला तो उगाच नाही. तुमच्या हाकेच्या आधीच सगळं सुरू झालं होतं. तो पाय ना," बाई जरा हसल्या, "तो पाय चप्पल शोधत होता. घरी फोन वाजला की हे असंच. डोळे मिटलेले, माणूस अर्धा झोपेत, आणि पाय आपला खाली चप्पल चाचपतोय. संसारभर मी ते बघितलं. जित्याची खोड म्हणतात ना, ती ही. तुमची हाक आली, पाय खाली आला आणि जमिनीवर चाचपायला लागला. चप्पल खाटेखाली लांब गेली होती. मग मी वाकले."

"मग?"

"मग काय, दिली सरकवून पायाखाली. दुसरं काय करणार? तुम्ही बोलावलं होतं, त्यांना जायचं होतं. डावी बरोबर पायात गेली. गेली तसे शांत झाले." बाईंनी पदर सारखा केला. "उजवी माझ्या हातातच राहिली."

बोर्डवर दिवा लागला. चार नंबर. ताईंनी फोन उचलला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "हॅलो."